हिमानी

यवतमाळासारख्या गावी ज्याची हयात गेली त्याने बर्फाविषयी चार शब्द लिहावेत, हे वाचकांस थोडेसे धार्ष्ट्याचे वाटेल. आमच्याकडे पांढरे रान म्हटले म्हणजे वेचणीस आलेला कापूस, आणि बर्फ म्हटला म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळून हातगाडीवरून येणारी लादी. तिचा कीस काढून त्यावर तांबडे-हिरवे सरबत ओतले की मुलांचा उन्हाळा साजरा होतो. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात जाऊन बसतो. रस्त्यावरचे डांबर पायाखाली मऊ लागते. अशा गावी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या शिक्षकाने पौषाच्या कडाक्यात उठून शिमल्यास जावे, आणि तेही केवळ गोठलेल्या पाण्याचे एक अंगण पाहण्यासाठी, याला कारण माझी नात.

ही मुलगी अकरा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिने चाकांचे बूट घेण्याचा हट्ट धरला. सायंकाळी दहा-वीस मुले एका सिमेंटच्या अंगणात जमतात, पायांत ते बूट घालून गोल गोल फिरतात, आणि त्यांचे आईबाप कडेला उभे राहून पाहतात. माझा या प्रकारास विरोध होता. मुलीची जात, पडेल, हातपाय मोडून घेईल, आणि एवढे करून हाती काय येणार, अशी माझी एकंदर विचारसरणी. चिरंजिवांनी माझे ऐकले नाही. तिने एकदा मनगट दुखावून घेतलेच, तेव्हा "मी म्हटले नव्हते?" हे वाक्य मी घरात किती वेळा उच्चारले असेल, ते सौ.ला विचारावे. तीन आठवड्यांनी पट्टी सुटली आणि त्याच सायंकाळी पोरगी पुन्हा अंगणात उभी!

एके दिवशी तिने मला विचारले, "आजोबा, हा खेळ मुळात बर्फावरचा ना? मग खरा बर्फ कसा असतो?"

वाचकहो, मी मॅट्रिक झाल्यावर पाठशाळेत बसून काव्य आणि व्याकरण शिकलेला मनुष्य. असा प्रश्न आला की माझ्या अंगी स्फुरण चढते. मी तिला सांगितले की अमरकोशात हिमाला तुषार, तुहिन, नीहार, प्रालेय अशी कितीतरी नावे आहेत. कालिदासाच्या कुमारसंभवाचा आरंभच हिमालयाच्या वर्णनाने होतो. आणि व्याकरणकारांनी एक मौजेची गोष्ट नोंदली आहे: इंद्राची स्त्री ती इंद्राणी, पण हिमानी म्हणजे हिमाची स्त्री नव्हे, तिथे तोच प्रत्यय मोठेपणा दाखवितो. हिमानी म्हणजे हिमाचा प्रचंड विस्तार. तसेच अरण्यानी म्हणजे मोठे अरण्य.

तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "इतके शब्द येतात तुम्हाला, आणि तुम्ही एकदाही पाहिलं नाही?"

मुलांचे प्रश्न कधी कधी परीक्षकाच्या प्रश्नांहून अवघड असतात. मी चष्मा पुसू लागलो.

परंतु माझ्या मनाला लागलेली खरी बोच निराळीच होती, आणि ती इथे सांगून टाकणे मला भाग आहे. मी छत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास खेळाचे असत. वार्षिक परीक्षा जवळ आली की ते तास मी मागून घेई, आणि खरे सांगायचे तर परीक्षा दूर असतानाही घेई. मैदान रिकामे राही आणि वर्गात शब्दरूपे चालत. एकदा आठवीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, आज खेळाचा तास आहे ना?" मी उत्तर दिले, "खेळून कोणाचे पोट भरले आहे?" वर्ग हसला, मुलगी खाली बसली. हा प्रसंग मी केव्हाच विसरून गेलो होतो. नातीला त्या सिमेंटच्या अंगणात पोहोचवावयास मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा एक बाई पुढे आल्या, वाकून नमस्कार केला, आणि शेजारी चाकांचे बूट बांधीत बसलेल्या आपल्या मुलीकडे बोट करून हसत म्हणाल्या, "गुरुजी, आमचं खेळायचं राहिलं, म्हणून हिला आणते." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नसावा. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

धाकटे चिरंजीव चंदीगडास नोकरीस असतात. त्यांनी बोलाविणे पाठविले होतेच. गतवर्षी पौषात मी, सौ. आणि नात असे तिघे निघालो.

यवतमाळाहून वर्ध्यापर्यंत मोटार आणि पुढे आगगाडी, हा आमचा नित्याचा मार्ग. गावच्या जुन्या स्टेशनावरून जाताना शकुंतलेची आठवण होते. कापूस वाहण्यासाठी इंग्रजी कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अडीच फुटी रुळांचा लोहमार्ग घातला. लोकांनी तिच्या गाडीला कालिदासाच्या नायिकेचे नाव दिले. मँचेस्टरमध्ये 1921 साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत राबत होते. पुढे डिझेल इंजिन आले, आणि अखेर गाडीच बंद पडली. ही गोष्ट इथे काढण्याचे कारण असे की, काल्क्यास उतरून शिमल्याच्या गाडीत बसलो तेव्हा रुळांची रुंदी पाहून मी थबकलोच. तेच अडीच फूट! 1903 साली सुरू झालेला हा मार्ग शहाण्णव किलोमीटर लांबीचा असून त्यावर शंभराहून अधिक बोगदे आणि आठशेहून अधिक पूल आहेत. 2008 साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. सख्ख्या बहिणींपैकी एकीला राजाने पट्टराणी करावे आणि दुसरीची अंगठीच हरवावी, तसा हा प्रकार वाटला. असो.

गाडी वळणे घेत वर चढते. प्रथम निवडुंग आणि बांबू, मग चीड, आणि अखेरीस देवदार. ज्या वृक्षाचे नाव चाळीस वर्षे मुलांकडून घोकून घेतले तो प्रत्यक्ष पाहिला, तेव्हा त्याचा सरळपणा आणि आडव्या पसरलेल्या फांद्यांचे थर पाहून हात आपोआप जोडले गेले. नात म्हणाली, "आजोबा, हा एक शब्द झाला."

शिमला समुद्रसपाटीपासून सुमारे बावीसशे मीटर उंच आहे. रिज नावाच्या मोकळ्या कण्याच्या एका अंगाला लक्कड बाजार लागतो. लाकडी खेळणी आणि हातातल्या काठ्या यांसाठी तो प्रसिद्ध आहे. त्याच्या खालच्या अंगास, उत्तरेकडील उतारावर, एक सपाट अंगण आहे, तेच शिमल्याचे स्केटिंगचे रिंक. इथे यंत्राने बर्फ करीत नाहीत. नुसत्या थंडीवर पाणी गोठवितात. उघड्यावरच्या नैसर्गिक बर्फाचे असे अंगण आपल्या देशात फार जुने म्हणून हेच प्रसिद्ध. क्लबाची कथा अशी सांगतात की, ब्लेसिंग्टन नावाच्या गृहस्थाने थंडीच्या रात्री टेनिसच्या अंगणात पाण्याची बादली विसरली; सकाळी पाहतो तो पाणी घट्ट झालेले. त्याने साऱ्या अंगणावरच पाणी ओतून पाहिले, आणि 1920 साली इथे स्केटिंग सुरू झाले. म्हणजे या अंगणाने शंभरी ओलांडली आहे.

बर्फ तयार करण्याची रीत ऐकून मला ती आमच्या घरच्या सारवणासारखी वाटली. सायंकाळनंतर अंगणावर पाण्याचा पातळ थर द्यावयाचा, तो धरला की दुसरा, मग तिसरा. आकाश निरभ्र असेल तर जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते आणि पाणी गोठते. ढग आले तर ते गोधडीसारखे पांघरले जातात, ऊब खालीच राहते आणि बर्फ धरत नाही. वाचकांस नवल वाटेल, पण भुरभुरता हिमवर्षाव हा या अंगणाचा मित्र नव्हे. पडलेले मऊ हिम झाडून काढावे लागते. समोरच्या डोंगराची सावली मात्र त्याची खरी पाठराखीण. सूर्य उशिरा पोहोचतो म्हणून सकाळचा खेळ होतो, आणि लवकर निघून जातो म्हणून सायंकाळचा. पूर्वी खेळ होणार असला म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीवर तांबडा फुगा चढवीत, आणि शहरभर लोक खिडकीतून तो पाहून घराबाहेर पडत, असे सांगतात.

आमच्या नशिबी पहिल्या दिवशी ढग आले. अंगणात नुसते ओले, राखाडी पाणी. नात कडेला उभी राहून ते पाहत होती, पण तिने तक्रार केली नाही. पुढल्या दिवशीच आम्हाला परत निघावयाचे होते. रात्री मी तीन वेळा उठून खिडकीतून पाहिले. पहिल्या वेळी काळोख. दुसऱ्या वेळी एक तारा. तिसऱ्या वेळी, पहाटे चारच्या सुमारास, सारे आकाश लखलखत होते. मी सौ.ला उठवून म्हटले, "आकाश मोकळे झाले." ती म्हणाली, "पाच वाजता उठवा," आणि कूस वळविली.

सकाळी आम्ही खाली उतरलो तेव्हा धुक्यातून एक आवाज येत होता. तो ऐकल्याखेरीज कळावयाचा नाही. दगडावर विळी घासावी तसा, पण मृदू आणि सलग. अंगण निळसर पांढरे झाले होते आणि त्यावरून माणसे वाहत होती. मी 'धावत' असे लिहिणार होतो, पण ते खरे नव्हे. पाय उचलल्यासारखे दिसत नाहीत आणि मनुष्य दूर गेलेला असतो.

या घसरण्याचे कारण काय? आमच्या शाळेच्या पुस्तकात असे होते की, पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून बूट सरकतो. आता शास्त्रज्ञ म्हणतात की एवढ्या दाबाने पुरेसा बर्फ वितळत नाही. बर्फाच्या अगदी वरच्या पापुद्र्यातील कण आतल्या कणांइतके घट्ट बांधलेले नसतात. शून्याखालीही तो पापुद्रा ओलसर राहतो. फॅराडेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच हे सुचविले होते. त्यात घर्षणाच्या उष्णतेची भर पडते. उत्तर युरोपातील लोक हे शास्त्र न कळताही हजारो वर्षे जनावरांच्या हाडांची पाती पायांस बांधून गोठलेली तळी ओलांडीत असत. जिथे बर्फ नाही तिथे हा खेळ न्यावा म्हणून अठराव्या शतकात चाके आली, आणि न्यूयॉर्कच्या प्लिंप्टनने 1863 साली अंग झुकविले की वळणारा चार चाकांचा बूट काढला. यवतमाळच्या सिमेंटवर माझी नात फिरते ती त्याच पूर्वजाच्या कृपेने.

बूट भाड्याने मिळाले. चाकांची सवय असल्याने ती मोठ्या दिमाखाने बर्फावर उतरली आणि चौथ्याच पावलास आडवी झाली. चाक चार ठिकाणी टेकते, पाते एकाच रेघेवर. हा भेद तिला शरीराने कळला. माझ्या तोंडाशी ते जुने वाक्य आले होते. ते मी गिळले. ती उठली, पुन्हा पडली, पुन्हा उठली. अर्ध्या तासात तिने अंगणाची एक फेरी पुरी केली.

मी कडेला उभा राहून माणसे मोजू लागलो, ही शिक्षकाची खोड. पाच वर्षांची बालके आईच्या बोटाला धरून होती. शाळकरी मुलांची रांग होती. कार्यालयात जाण्यापूर्वी तासभर येणारे तरुण होते. सलवार-कमीज आणि लोकरी टोपी घातलेल्या दोन प्रौढ भगिनी हात धरून, बोलत बोलत, भाजी घेऊन चाललेल्या शेजारणींप्रमाणे शांतपणे फेऱ्या घालीत होत्या. एका कोपऱ्यात काही मुले वाकड्या काठ्यांनी रबराची चपटी चकती ढकलीत होती. ही बर्फावरची हॉकी. मॉन्ट्रियल शहरी 1875 साली बंदिस्त जागेत नियम लावून तिचा पहिला सामना झाला. चेंडूऐवजी चकती, कारण ती बर्फाला चिकटून चालते.

मैदानी हॉकीत 1928 ते 1956 या काळात सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणाऱ्या आपल्या देशात ही हिमहॉकी वाढली ती मुख्यतः लडाखात. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात, सैन्यातील लोक खेळू लागले, त्यांचे पाहून गावची मुले, आणि मग मुलीही. आपल्या महिलांचा संघ 2016 साली प्रथम परदेशी सामन्यांस गेला. त्यातील बहुतेक मुली लडाखच्या होत्या, आणि जाण्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. 2017 साली त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला, आणि 2025 साली आशिया चषकात कांस्यपदक. खेळून कोणाचे पोट भरले, असे त्यांनाही कोणीतरी विचारले असेलच.

इतक्यात माझ्याच वयाचे, किंबहुना चार वर्षांनी मोठेच, एक गृहस्थ माझ्यापुढे येऊन अलगद थांबले. "मास्टरजी, आत येत नाही?" त्यांनी हिंदीत विचारले. मी शिक्षक हे त्यांनी कशावरून ओळखले कोण जाणे. कदाचित मी बोटाने मुले मोजीत होतो त्यावरून. ते म्हणाले की, सहाव्या वर्षी वडिलांनी त्यांना इथे आणले, मग त्यांनी मुलांना आणले, आता नातवाला आणतात. "पूर्वी मार्गशीर्षात बर्फ धरला की फाल्गुन लागेपर्यंत निश्चिंती असे. आता आकाशाकडे पाहत बसावे लागते. हिवाळा आखडला." खेळाचे दिवस कमी होत चालले आहेत, ही गोष्ट त्या शहरी सर्वांच्याच तोंडी आहे. यंत्राने बर्फ गोठविण्याची योजना आहे म्हणतात. "यंत्र आले तर बारा महिने खेळता येईल," ते म्हणाले, आणि थोडे थांबून, "पण पहाटे उठून आकाश पाहण्याची मौज जाईल." मी काही बोललो नाही. आदल्या रात्री मी तीनदा उठलो होतो.

तेवढ्यात नात आली आणि तिने हात पुढे केला. "आजोबा, बूट नका घालू पात्यांचे. साध्या बुटांनीच कडेकडेने या. पाय उचलायचा नाही, सरकवायचा." त्या गृहस्थांनी दुसरा हात धरला. सौ. वरून ओरडली, "अहो, सांभाळा!" मी चार पावले सरकलो. पाचव्या वेळी पाय पुढे गेला आणि मी मागे राहिलो. दोघांनी मला धरले म्हणून निभावले. सहासष्ट वर्षांत जमीन माझ्या पायाखालून अशी कधी निसटली नव्हती. भीती वाटली, आणि भीतीबरोबर हसूही आले. मागे केव्हा असे मोठ्याने हसलो होतो ते आठवेना.

परतीच्या गाडीत मी मनाशी विचार करीत होतो. आमच्या यवतमाळात बर्फाचे अंगण व्हावे, असे मी म्हणणार नाही. तो वेडेपणा होईल. पण सर्व वयांच्या माणसांनी एका अंगणात उतरावे, ही गोष्ट बर्फावर अवलंबून आहे काय? आमच्या शेजारी अमरावतीस वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान आखाडा काढला. त्यातूनच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या प्रसंगी मंडळाच्या चमूने तिथे आपल्या देशी खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली, आणि त्याच नगरीत त्याच वर्षी ध्यानचंदांचा हॉकीसंघ सुवर्णपदक जिंकीत होता. वऱ्हाडच्या मातीला ही विद्या परकी नव्हे. मैदाने आहेत, मुले आहेत. मधे उभे राहतात ते माझ्यासारखे गुरुजी.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी शाळेतून निरोप आला. परीक्षेपूर्वी दहावीच्या मुलांचे संस्कृत पक्के करून द्याल काय? तास कोणता, असे मी विचारले. "खेळाचा मोकळाच असतो, गुरुजी." मी कळविले की येईन, विनामूल्य येईन, पण शाळा भरण्यापूर्वी, सकाळी सात वाजता; खेळाच्या तासाला हात लावावयाचा नाही. त्यांना नवल वाटले असावे. पहिल्या दिवशी बारा मुले आली, तिसऱ्या दिवशी एकोणीस.

सायंकाळी आता मी नातीबरोबर जातो आणि तिच्या चाकांत तेल घालण्याचे काम माझ्याकडे असते. माझी ती जुनी विद्यार्थिनीही तिथे येते. परवा मी तिला म्हटले, "मोठ्यांनाही इथे शिकवतात का गं?" ती लाजली. म्हणाली, "विचारलं होतं एकदा. शिकवतात म्हणे." या सोमवारी ती कडेला बसून बूट बांधीत होती. मोठ्या मापाचे होते. तिची मुलगी तिच्यापुढे हात धरून उभी होती आणि सांगत होती, "आई, खाली पाहू नकोस."

नातीच्या वहीत एक पान आहे. 'आजोबांनी पाहिलेले शब्द' असा त्याला मथळा आहे. त्यावर आतापर्यंत दोन शब्द आहेत: देवदारू आणि हिमानी. दुसऱ्यापुढे तिने कंसात लिहिले आहे: लहान आकाराची.